धुकं पुरतं उठेपर्यंत

दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे धानाची कापणी जोरात असते, आणि सकाळी धुकं असं उतरतं की अंगणातली तुळससुद्धा दिसत नाही. अशातच भाऊबीजेला शहापूरहून लाखांदूरकडे माझ्या माहेरी जायचं. स्कूटरवर हे पुढे, मी मागे, मांडीवर चिवड्याचा डबा.

तुम्हाला सांगते, यांचा एक नियम होता. इकडे लोक डांबरी रस्त्यावरच धान वाळवतात. गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेनं डोक्याएवढे दगड मांडतात. संध्याकाळी धान भरून नेतात, दगड मात्र राहतात तिथेच. आणि सांडलेली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दवानं भिजली की साबणासारखी निसरडी होते. म्हणून धुकं दाटलं की हे वाटेतल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, स्कूटर उभी करत. पलीकडचं देऊळ दिसेपर्यंत किल्ली खिशात.

"दिसलं नं देऊळ, चला आता. भाऊ वाट पाहून राहिला," मी म्हणायची.

"थांब वं. कळस दिसला फक्त. पुरतं कुठी उठलं?"

घरी सासू-सासरे, दीर-जावा, लेकरं. आम्ही दोघं एका जागी बसून बोललो असू, तर त्या पाळीवरच. बोलायची मीच म्हणा, हे ऐकायचे. आता हे नाहीत, आणि धुकं पडलं की माझा जीव त्या पाळीवर जातो.

यंदा लेकीनं नेलं. नागपूरला नोकरी करते, गाडी स्वतःची, चालवतेही छान. पण घाई फार! आदल्या दिवशी आली ती फोन कानाला लावूनच. मला तिच्याजवळ घटकाभर बसायचं होतं, एवढंच. पण बसते कुठे ती!

"थांबव वं बाई, काही दिसून नाई राहिलं," मी वाटेत म्हटलं.

"हळूच चालवून राहिली नं मी. लाईट आहेत, आई. मले दुपारी परत नागपूरले जायचं आहे."

"तुह्या लाईटानं धुकंच उजळून राहिलं. दगड कुठी दिसते?"

तेवढ्यात समोर धानाच्या भाऱ्यांची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, काही नाही. लेकीनं ब्रेक दाबला, तणशीवर चाक सरकलं आणि गाडी तिरपी होऊन थांबली. ट्रॉली आपली डुलत पुढे निघून गेली. लेकीनं गाडी सरळ केली आणि हळूहळू पाळीवरच्या मोकळ्या जागेत नेऊन बंद केली. तीच पाळ.

मी डबा उघडला. आधी ती त्या ट्रॉलीवाल्यावर चिडली, मग ऑफिसातल्या साहेबावर. मग चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता म्हणाली, "आई, मले तिथं कधी कधी करमतच नाई वं."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. मी, आणि ऐकत! ऊन वर आलं, पाण्यावरचा पांढरा थर विरळ झाला.

"आई, देऊळ दिसून राहिलं."

"मले नाई दिसत."

"काहून? मागच्याच वर्षी मोतीबिंदू काढला नं तुहा!"

"कळस दिसला वं फक्त. पुरतं कुठी उठलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. किल्ली पर्समध्ये टाकली, मामाला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि डब्यासाठी हात पुढे केला.