पंकजाच्या लग्नाचा बिनफोटोचा फ्लेक्स

आमच्या मालकांचं, भागवतरावांचं, श्रीगोंद्यात फ्लेक्सचं दुकान हाय. वाढदिवस, सत्कार, दशक्रिया, काहीबी असू द्या, एका फ्लेक्सवर चाळीस तोंडं बसवणारा हा माणूस. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, ह्यावरून गावात किती भांडणं झाली ते त्यांनाच ठावं. मी म्हणायची, "एक दिवस आपल्याच घरात आग लागंल." लागली की! आमच्या वास्तुशांतीच्या फ्लेक्सवर माझा भाऊ गहिनीनाथ वरच्या ओळीत गेला आन् मालकांचे सख्खे थोरले भाऊ कानिफनाथ खालच्या. भाऊजी दारातनंच माघारी फिरले, जेवलेसुदिक न्हाईत. तवापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

यंदा आमच्या पंकजाचं लग्न ठरलं. मालक पत्रिका घेऊन गेले, तर भाऊजींनी दार उघडलं न्हाई. मालक घरी येऊन माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर. "सख्खा चुलता मांडवात नसंल तर पोरीला काय सांगू?" म्हणत ताटावरनं उठले.

अशात नगरच्या एका कॉलेजातल्या मधुवंती मॅडमचं काम आलं. एस्टोनिया म्हणून लांबचा कुठला थंड देश, तिथल्या नाटकांची, गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं. मॅडमनी त्यांचं प्रदर्शन भरवलेलं, आन् छापून टांगायचं काम आमचं. मालकांनी फायली उघडल्या आन् कपाळाला हात लावला. एकावरबी फोटो न्हाई! ना अध्यक्ष, ना शुभेच्छुक. त्यांना वाटलं, फोटो मागनं येणार असतील. शहाण्यानं प्रत्येक पोस्टराखाली वीतभर पांढरी जागा सोडून छापलं. मॅडम हसून हसून खालीच बसल्या. मग त्या पट्ट्या कापायला मीबी गेले, तोंडानं मालकांचा उद्धार करत.

टांगून झाल्यावर मालक एका पोस्टरापुढं थांबले ते हलंनात. लाल रंगात नुसतं एक उघडं तोंड. गाण्याच्या जत्रेचं म्हणे.

"हे तोंड कुणाचं, मॅडम?"

"कुणाचंच नाही. गाणाऱ्या कुणाचंही समजा."

"आन् ज्याचं न्हाई तो रुसत न्हाई?"

"रुसेल कशाला? तिथं कुणाचाच फोटो नाही ना."

मालक माझ्याकडं बघून असे हसले, मला भ्याच वाटलं.

आठवड्यानं मांडवाच्या दाराशी फ्लेक्स लागला. पिवळाधमक, मधी हळदीच्या हाताचा एक ठसा, खाली नवरा-नवरीची नावं. बास. झालं, फोनवर फोन! माझा भाऊ म्हणाला, "ताई, मामाचाबी फोटो न्हाई?" चुलत सासरे म्हणाले, "आमी मेलो का काय?" नणंद तर रडलीच. एकमेकांचं तोंड न बघणारे सोयरे पारावर एका जागी बसले आन् ठरलं, भागवतला जाब विचारायचा. विचारणार कोण? तर सख्खा थोरला भाऊ. मी मालकांना म्हटलं, "बसा आता! एक रुसला हुता, तुमी सगळं गणगोत रुसवलं."

हळदीच्या दिवशी आली की फौज. पुढं कानिफनाथ भाऊजी, फेटा बांधून, मागं सगळे. फ्लेक्सपुढं उभे राहिले आन् गरजले, "भागवत! भाईर ये! अक्कल गहाण टाकली का गाढवा? आपल्या बापाचा तरी फोटो टाकायचा! आन् ह्यो मांडव कुणी घातला? निम्मा उन्हात हाय! पाव्हणे काय वाळत घालायचेत?"

मालक अनवाणीच पळत आले. किती दिसांनी तो आवाज त्यांच्या कानावर पडला हुता. डोळ्यातनं पाणी, आन् हसतबी हुते.

"दादा, अजून बोल की."

भाऊजींनी फेटा सारखा केला. मग हळूच म्हणाले, "बोलणार हाय. लई साचलंय. आधी पोरगी कुठंय, तिला भाईर आण."