उधाणातली हाक

विघ्नहर्त्या गजाननाला आणि जळाचा स्वामी जो वरुण त्याला वंदन करून, माझे स्नेही यासीनभाई यांच्या स्मरणार्थ मी लिहायला बसलो आहे. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी होऊन गेला. श्रावणाच्या अखेरीस एका सकाळी मी देवांना स्नान घालत होतो, तेव्हा त्यांची कन्या शमीम हिचा फोन आला. "काका, अब्बा गेले... पहाटे, झोपेतच." देव ताम्हनात तसेच ठेवून मी उठलो. आम्हा दोघांच्या समुद्रातल्या उद्योगाची वार्ता आमच्या बिबवेवाडीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे 'लाटेत गेले का हो?' असे त्या दिवशी मला कित्येकांनी विचारले. नाही. ते आपल्या घरी, आपल्या अंथरुणात शांतपणे गेले. लाटेची गोष्ट वेगळी आहे. ती मला सांगायची आहे, आणि सांगताना मान वर होत नाही.

बुधवार पेठेत यासीनभाईंचे ध्वनिक्षेपकांचे दुकान होते. आमच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी माझे प्रवचन असते. तिथला माइक पहिल्यापासून त्यांनीच लावला. माइकच्या स्टँडची मान मध्येच खाली झुकायची, म्हणून तिला त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. प्रवचन संपेपर्यंत ते खांबाआड बसून असत, आणि संपल्यावर तारा गुंडाळता गुंडाळता एखादा शेरा मारीत. दैवी गुणांत अभयाला पहिले स्थान का, हा माझा आवडता विषय. एका गुरुवारी तोच आटोपून मी उठलो, तर ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, हे अभय तुम्ही वर्षानुवर्षे सांगताय, माझंही पाठ झालंय. पण कधी वापरून बघितलंत का?"

शमीम कोकणात एका किनाऱ्यावर सर्फिंग शिकवते. फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचे, असा तो खेळ. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर यासीनभाईंच्या मनाने ते घेतले होते, आणि एकट्याने जायचे त्यांना भय वाटत होते. मला पोहता येते ते विहिरीपुरते. समुद्राचा नुसता आवाज आला की मी दोन पावले मागे सरतो. परंतु भीती वाटते असे म्हणण्याऐवजी मी शास्त्र पुढे केले. समुद्र हा देव आहे, पर्वकाळ सोडून त्याला स्पर्श करू नये, असे आम्ही गुरुगृही शिकलो आहोत. यासीनभाई हसले. "मग पर्वालाच जाऊ की. चंद्र मलाही बघावाच लागतो, आमचे महिने त्याच्यावरच चालतात." अशा रीतीने पौष पौर्णिमा ठरली. आम्हाला वाळूत उभे पाहून शमीमने कपाळावर हात मारला. "अब्बा, पौर्णिमेला उधाण असतं! नवशिक्यांना कुणी उधाणात आणतं का?" "मी काय करू," यासीनभाई शांतपणे म्हणाले, "यांच्या देवाची भेटीची वेळच ती आहे."

त्या लाटा शमीमच्या लेखी लहान होत्या, छातीएवढ्या. मला प्रत्येक लाट म्हणजे सिंहगड चालत येतो आहे असे वाटे. पोटावर पालथे पडायचे, हातांनी पाणी मागे ओढायचे, लाटेने मागून ढकलले की तळहात बरगड्यांपाशी टेकवून एका दमात दोन्ही पाय फळीवर घ्यायचे आणि दृष्टी किनाऱ्यावर ठेवायची... इतकेच तिचे सूत्र. माझी अडचण अशी की, पाय लावण्यापूर्वी समुद्राची क्षमा मागितल्याशिवाय मला पाऊल उचलवत नसे, आणि मी हात जोडावेत तोच लाटेने मला उलटे करावे. यासीनभाई काही फार वरचढ नव्हते. ते उभे राहत आणि तत्काळ बसत. पण ते पडले की हसत. मी पडलो की आजूबाजूला कोणी पाहिले का, ते पाहत असे.

फाल्गुन पौर्णिमेला वारा होता. मागून एक लाट उठली, ती माझ्या आठवणीत आजही सर्वांत मोठी आहे. फळी पुढे सुटली. मी दोन हात आणि दोन गुडघे टेकून, शेंडी सुटलेली, डोळे गच्च मिटलेले, असा किनाऱ्याकडे येत होतो आणि मोठ्याने ओरडत होतो. संकटात मुखी नाम यावे म्हणून आयुष्यभर जप करायचा, असे मी लोकांना सांगत आलो. माझ्या मुखी रामाचे नाव आले नाही, दत्तगुरूंचे आले नाही. मी ओरडत होतो, "यासीनभाई! यासीनभाई, धरा मला!" आणि त्यांनी धरले. कमरेएवढ्या पाण्यात धावत येऊन त्यांनी मला फळीसकट मिठी मारली, आणि आम्ही दोघेही खारे पाणी प्यायलो.

शमीमने त्याचे चित्रीकरण केले होते. ते तिने माझ्या मुलाला पाठवले आणि त्याने कौतुकाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. सायंकाळपर्यंत एकाने लिहिले, 'शास्त्रीबुवांना नवा तारक मंत्र सापडला.' पुढच्या गुरुवारी मंदिरात शिरताना मला प्रत्येक चेहरा हसरा दिसत होता. मी प्रवचनाचा विषय बदलला.

त्याच आठवड्यात यासीनभाई घरी आले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "लोक हसतात त्यांना हसू द्या. मला विचाराल तर, बरं वाटलं. आमच्या घरात इतक्या जोरात मला कुणी बोलवत नाही." मी हसायला हवे होते. मी म्हणालो, "ते अनवधानाने झाले. एरवी माझ्या तोंडून देवाचेच नाव आले असते." त्यांनी कप खाली ठेवला. "बरं," इतकेच म्हणाले... चैत्रात मी गेलो नाही, वैशाखात गुडघ्याचे निमित्त केले. मग पावसाळ्यात समुद्र बंद. श्रावणात शेवटची भेट झाली ती मंदिराच्या पायरीवर. "कोजागरीला येणार ना?" "बघू," मी म्हणालो. गावासमोर भित्रा ठरलो याची मला तेव्हा लाज वाटत होती. आज लाज वाटते ती त्या माणसाचे नाव त्याच्याच तोंडावर मी नाकारले, याची.

कोजागरीला मी गेलो. मुलगा सोबत होता. शमीमने वडिलांची फळी काढून दिली आणि विचारले, "काका, आज उभे राहणार?" मी म्हटले, "बेटा, ते समुद्राला विचार." लाट आली. मी क्षमा मागितली, पाणी ओढले, एक गुडघा उचलला, दुसरा उचलेना, आणि घशातून जे बाहेर पडले ते तेच नाव होते, तितक्याच मोठ्याने. या वेळी धरायला कोणी नव्हते. मी पडलो, नाकातोंडात पाणी गेले, आणि धडपडत वाळूवर येऊन बसलो. शमीम शेजारी येऊन बसली. मुलाच्या हातात फोन होता. मी म्हणालो, "ग्रुपवर टाक." "बाबा, नक्की?" "हो. आणि आवाज बंद करू नकोस." रात्री सोसायटीच्या सचिवांचा अभिप्राय आला, 'प्रगती नाही. उच्चार मात्र स्पष्ट.' यासीनभाईंनी हा शेरा तारा गुंडाळताना दहादा म्हणून दाखवला असता.

देवाला माझी ती हाक कशी वाटली असेल, ते मला ठरवता येत नाही. गुरुवारी पुन्हा अभयावर बोललो. आरंभीच सांगितले की मी भितो. विश्वस्त नवा स्टँड आणतो म्हणत होते, त्यांना नको म्हटले. माइकच्या मानेवरची काळी चिकटपट्टी अजून घट्ट आहे. तिच्या शेवटच्या वेढ्यावर अंगठ्याने दाबल्याची खूण दिसते. बोलण्यापूर्वी मी तिथे क्षणभर अंगठा टेकवतो. नंतर खांबाकडे दृष्टी जाते...

वाचकहो, तुमच्या घरी आरोग्य नांदो, चुलीवर अन्न आणि दारी पाहुणा असो. भयाच्या क्षणी ज्याचे नाव ओठांवर यावे असा माणूस तुम्हा सर्वांना लाभो, आणि तो समोर चहा घेत बसलेला असतानाच 'होय, तुम्हालाच हाक मारली' असे म्हणण्याची बुद्धी तुम्हाला होवो.