माझ्या साडभाऊच्या मुलाखती

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नोकरी मिळवण्याची कला एकाच माणसाला साधली आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू निघाला. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणजे उघडपणे जळायचीही सोय ठेवलेली नाही. मी तरी जळतो. मी बी.कॉम., प्रथम श्रेणी. टायपिंग, संगणक, सगळी प्रमाणपत्रं फाईलमध्ये नीट लावलेली. साडभाऊ बारावीला दोनदा आपटलेला. माझी मुलाखत "कळवतो" या शब्दावर संपते. त्याची चहावर संपते, आणि तो चहा साहेब स्वतः मागवतो.

त्याची पद्धत साधी आहे. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देतच नाही. "ऐका जी, असं झालं," म्हणतो आणि खुर्ची थोडी पुढे ओढतो. अड्याळच्या बाजारात पंपाच्या दुकानात माणूस हवा होता. मालकाने विचारलं, मोटार दुरुस्तीचा अनुभव किती? अनुभव शून्य. याने सांगितलं काय, तर ऐन धानाच्या रोवण्यात घरची मोटार जळाली तेव्हा त्याची आई पऱ्ह्याच्या रोपांची जुडी हातात धरून विहिरीवर गेली आणि मोटारीला तिच्या माहेरापासून सासरपर्यंत कशा शिव्या घालत होती. गोष्टीच्या मधोमध हा थांबून पाणी मागतो. मालक तांब्या हातात घेऊन म्हणाला, "मंग?" तिथेच नोकरी लागली. पुढे चिखल्याला मॅंगनीजची वाहतूक करणाऱ्याकडे लागला, तोही असाच. खोटं तो बोलत नाही हे मला मान्य करावंच लागतं. पण एकच घटना तो नोकरीच्या मापाने अशी बेततो की शिंप्यानेही बघत राहावं. आमच्या दिघोरीच्या सासुरवाडीत तो बोलायला लागला की सासरे टीव्ही बंद करतात. मी बोलायला लागलो की लावतात.

आणि त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीत नवरदेव मी आहे, हे तर फारच लागतं. माझी वरात ट्रॉलीत बसायला धानाचं तणस पसरून दिघोरीला निघाली होती. ट्रॅक्टर याच्याकडे. उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्याकडे सगळेच त्याच्या पोटातून आडवे जातात, तसा हाही गेला. वरून भेगाळलेली कोरडी जमीन, खाली लोण्यासारखा गाळ. मागचं चाक बसलं ते आसापर्यंत. शेवटी मी बाशिंगासकट खाली उतरलो आणि मांडवात पोचलो तेव्हा कमरेखाली मी नवरदेव नव्हतोच, तलाव होतो. याच प्रसंगावर याने वाहतूकवाल्याला 'अडचणीत माणसं कशी सांभाळली' हे सांगून नोकरी घेतली. कपडे माझे खराब झाले आणि पगार त्याला सुरू झाला!

मागच्या वर्षी एका बियाणे कंपनीला आमच्या भागासाठी माणूस हवा होता. जागा एकच. ती मिळाली नाही तर मला ठेकेदारामार्फत पुण्याला जावं लागणार होतं. आई इथे, पोरगी इथे, बायको इथे. बायको म्हणाली, "भाऊजीले इचारा ना एकदा. त्यायले जमते, तुमाले काहून नाई जमत?" हे वाक्य मी कसं गिळलं ते माझं मला माहीत. पण गेलो.

साडभाऊ म्हणाला, "डिगऱ्या त सारेच घेऊन येतेत जी. एखादी गोष्ट सांगा. माणूस दिसला पाह्यजे साहेबाले."

"माह्या आयुष्यात काई झालंच नाई, तं सांगू काय?"

तो माझ्याकडे बघून नुसता हसला. मला त्या हसण्याचा भयंकर राग आला.

मुलाखतीच्या दिवशी भंडाऱ्याला पोचलो, तर बाकावर हाच बसलेला. "चिखल्याचं काम बंद झालं जी," तो म्हणाला, "मले बी पोट हाय." त्याला आधी बोलावलं. आतून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. बियाण्याची कंपनी, म्हणजे याने रोवण्याची आणि मोटारीचीच गोष्ट काढली असणार, असा मी हिशेब केला. तलावाची शिल्लक होती. माझी पाळी आली तशी मी खुर्ची पुढे ओढली आणि ठोकून दिलं: मी वरात घेऊन ट्रॅक्टर चालवत होतो.

नागपूरहून आलेल्या मॅडमनी हात वर केला. "थांबा. ट्रॅक्टरवर तुम्ही होतात, तर बाशिंग बांधून चाकाखाली तणस घालत होते ते कोण?"

मी पुढे ओढलेली खुर्ची हळूच मागे सरकवली.

"आत्ताच एक जण सांगून गेले," त्या म्हणाल्या. "म्हणाले, चूक माझी होती. सारे मला शिव्या देत होते, नवरदेव एक शब्द बोलला नाही. खाली उतरला आणि ट्रॉली काढली. तो बाहेर फाईल घेऊन बसला आहे. त्याला बोलता येत नाही, पण गाडी फसेल तिथे त्यालाच पाठवा."

"तो मीच," मी म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "पुढे?" आणि मी सांगत गेलो. ती जागा मला मिळाली.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. काहून केलं असं? तो ओशाळला. "मी त माहीच गोष्ट सांगत होतो जी. पर तुमी खाली उतरले, आन् तिथून गोष्ट तुमच्याकडंच गेली. मी काय करू?" माझा इतका जळफळाट कधीच झाला नव्हता. एवढं मोठं मन, आणि तेही सहज!

ठेकेदाराबरोबर पुण्याला तो गेला. तिथे त्याची मुलाखत झालीच नाही. आधार कार्ड पाहिलं आणि गोदामात उभं केलं. इथे मी गावोगाव फिरतो, शेतकरी "मंग?" म्हणतात आणि मनातल्या मनात मी त्याच्या नावाने बोटं मोडतो. परवा त्याला फोन केला. विचारलं, तिकडे काय नवीन?

तो म्हणाला, "इथं काई होतच नाई जी. तुमीच सांगा काई."