सेक्टर एक, पण कुठला?

मेहुण्याच्या एसी-फ्रिज दुरुस्तीची वेबसाइट मी बनवली आणि तिच्यातल्या फॉर्ममध्ये गिऱ्हाइकाला सेक्टर विचारला. वाशी की नेरूळ, हे विचारलंच नाही.

नवी मुंबईत प्रत्येक वस्तीचे सेक्टर एकपासून सुरू होतात. ऐरोलीला एक, वाशीला एक, बेलापूरलाही एक. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझं आयुष्य कोपरखैरण्यात गेलं, त्यामुळे सेक्टर म्हटलं की ते आमचेच, बाकीच्यांनी नक्कल केलेली.

वेबसाइटची गरज मात्र खरी होती. मेहुणा उन्हाळ्यात लोकांच्या खिडक्यांबाहेर लोंबकळून एसीचं बाहेरचं युनिट उघडतो. दोन्ही हात आत आणि खिशात फोन वाजतोय. खाली उतरून उलटा फोन केला की पलीकडून, "दुसऱ्याला बोलावलं." वर्षाची कमाई या उन्हाळ्यावर आणि तो असा हातातून चाललेला. बायको म्हणाली, "तुम्ही ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसता ना? मग माझ्या भावासाठी काहीतरी करा." मी बसतो हे खरं. बसून काय करतो हे तिला ठाऊक नाही, तेच बरं.

मी व्हिडिओ पाहायला लागलो. त्यातला एकजण छातीठोक सांगत होता, रकाने कमी ठेवा, लोक कंटाळतात. मी इतका भारावलो की पत्ता जवळजवळ उडवूनच टाकला. नाव, फोन, सेक्टर, घर नंबर, तक्रार. संपलं. सेक्टर यादीतून निवडायचा, आणि निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही. फॉर्म भरला की मेहुण्याच्या आणि माझ्या मोबाइलवर मेसेज. सुरुवातीला सगळे फॉर्म आसपासच्या ओळखीच्यांनीच भरले, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं आणि मी घरात जरा ताठ चालू लागलो.

मग मेहुणा कुरकुरायला लागला. "दाजी, त्या पत्त्यावर एसीच नाही. एक म्हातारा राहतो, तो पंखासुद्धा लावत नाही."

"फोन करायचास ना."

"उचलत नाहीत."

अनोळखी नंबर हल्ली उचलतो कोण? पलीकडे कर्ज विकणारीच असणार अशी सगळ्यांची खात्री. पण मी फॉर्मवर संशय घेतला नाही, लोकांवर घेतला. "टवाळखोर असतात रे. ऑनलाइन आलं की हे आलंच," असं म्हणून मी फॉर्मच्या तळाला एक चौकोन टाकला: 'मी खरी माहिती देत आहे.' तिथे टिक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली.

तरी मेहुण्याच्या खेपा फुकटच जात राहिल्या. शेवटी मी रजा टाकली. टवाळखोराला रंगेहाथ पकडायचा होता. सकाळीच मेसेज आला: 'सेक्टर १. डीप फ्रीझर बंद. आत उद्याच्या हळदीच्या जेवणाची मासळी आहे. लवकर या.'

"बघ, किती नाटकी!" मी म्हणालो आणि मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसलो.

आमच्या सेक्टर एकमध्ये फॉर्मवरल्या नंबरचं घर सापडलं. दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, "डीप फ्रीझर? अहो, इथे माणसं ठेवायला जागा नाही."

मी आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्याकडे टवाळ मुलगा वगैरे आहे का कुणी?"

दार माझ्या नाकाला चाटून बंद झालं.

खाली येऊन मेहुण्याने पुन्हा फॉर्मवरचा फोन नंबर लावला. कुणी उचलला नाही. मग तो स्कूटरच्या आरशाकडे बघत हळूच म्हणाला, "दाजी, सेक्टर एक वाशीला पण आहे."

मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

"नेरूळला पण आहे. कुठला ते मेसेजमध्ये येत नाही का?"

मी मोबाइल उलटापालटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला लिहिलेलं असेल. "पुढच्या व्हर्जनमध्ये येईल," मी म्हणालो.

त्याने फक्त स्कूटर सुरू केली. माणसाने अशा वेळी शिव्या तरी द्याव्यात. आम्ही वाशीला गेलो. तिथून सानपाडा, तिथून नेरूळ. ऊन असं की सीटवरून उठलं की परत बसवेना. दर सिग्नलला मला ती मासळी दिसायची, आणि मी स्वतःवर सोडून सगळ्यांवर चिडत होतो: व्हिडिओवाल्यावर, वस्त्यांचे नंबर पाडणाऱ्यांवर, फोन न उचलणाऱ्या गिऱ्हाइकावर.

दुपारी त्याच नंबरवरून एका बाईंचा फोन आला. मेहुण्याने स्पीकर लावला.

"मी ऑफिसात आहे हो, फोन ड्रॉवरमध्ये ठेवावा लागतो. आत्ता जेवायची सुट्टी झाली. अजून पोचला नाहीत? घरी सासूबाई आहेत, बेलापूरजवळ दिवाळे गावात."

मी मागून ओरडलो, "मग सेक्टर एक कशाला टाकलंत?"

"गावाला कुठला आलाय सेक्टर? तुमचा फॉर्म सोडेचना. मग यादीतला पहिला दाबला. वर खरी माहिती देते म्हणून टिकसुद्धा करायला लावलंत!"

दिवाळ्यात पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात टबापाशी बसल्या होत्या. फ्रीझर उघडा होता, आणि होड्यांच्या धक्क्यावरून आणलेल्या बर्फात मासे पुरलेले. बाजूला कोळंबीचा ढीग फेकायला काढलेला. त्याचा वास गल्लीच्या तोंडापासूनच आमच्या स्वागताला आला होता.

"सकालधरनं वाट बगतेय," त्या मेहुण्याला म्हणाल्या. "पापलेट बरफात टाकला म्हनून वाचला. कोलंबी गेली. उद्या पुतनीच्या हलदीला लोकांना काय वाढू, तुजा डोका?"

मेहुणा फ्रीझरच्या मागे बसला. कंप्रेसर सुरू करणारा छोटासा रिले जळला होता. त्याने तो बदलला आणि फ्रीझर घुरघुरायला लागला. काम एवढंसंच होतं.

मला गप्प बसवेना. "मावशी, काय झालं, गावाला सेक्टर नसल्यामुळे..."

"गावाला सेक्टर नाय, नाव हाय. इचारला असता तं सुनेनं सांगितला असता ना."

"नाव विचारलं की रकाना वाढतो. लोक कंटाळतात."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मेहुण्याकडे वळल्या. "यो कोन?"

"माझे दाजी. वेबसाइट त्यांनीच बनवलीय."

मासे फ्रीझरमध्ये परत गेले होते. टबात थोडा बर्फ शिल्लक होता. त्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "जाताना यो बरफ ने आन याच्या डोक्यावर ठेव. आतला माल कवाच नासलाय."