साडूभाऊंचे पॉइंट

आमच्या साडूभाऊंइतका व्यवस्थित माणूस तापी आणि गिरणा या दोन नद्यांच्या मध्ये दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर तो साडूभाऊंनीच कुठल्यातरी फाइलीत लावून ठेवला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. आधी भडगावला होते, मग बदली होऊन जळगावला आले. मी धुळ्याला शाळेत शिकवायचो, म्हणून ते मला 'मास्तर' म्हणत. त्यांच्या घरात हळदीच्या डब्यावर हळद भरल्याची तारीख असे. छत्रीच्या दांड्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर छत्री घेतल्याचं साल. वीज गेली की बाकीचं जळगाव मेणबत्त्या शोधत बसे. साडूभाऊ डोळे मिटून उठत, सात पावलं चालत आणि मेणबत्ती घेऊन परत येत. एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना माझा चष्मा सापडेना. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, चष्मा हरवत नाही. त्याला जागा दिलेली नसते." आणि त्याच दिवशी त्यांनी माझ्या चष्म्यासाठी भिंतीत एक खिळा ठोकला.

अशा माणसाच्या हातात क्रेडिट कार्ड पडलं. नव्वदीच्या मधली वर्षं होती. जळगावात फार थोड्यांनी ही वस्तू पाहिली होती. टाय लावलेला एक गृहस्थ कचेरीत आला, सगळ्यांना पत्रकं वाटून गेला. बाकीच्यांनी त्या पत्रकांवर भजी खाल्ली. साडूभाऊंनी आपलं पत्रक घरी नेऊन शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत तीनदा वाचलं. कार्डावर खरेदी केली की पॉइंट जमतात आणि ठरावीक पॉइंट झाले की विमानाचं तिकीट मिळतं, असं त्यात होतं. घरातली चौघं आणि सासूबाई, अशी पाच तिकिटं जमवून सगळ्यांना विमानाने मद्रासला न्यायचं त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. मद्रासला आमची सगळ्यात धाकटी मेहुणी, सुमन, दिली होती.

सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणायचो. त्या धुळ्याजवळच्या खेड्यात राहायच्या आणि लेकीचं घर बघायला एकदाही गेल्या नव्हत्या. कारण आक्का रेल्वेत बसल्या की उतरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालत नसत. मुंबईपर्यंत एक रात्र निभायची. मद्रासच्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं. साडूभाऊंनी त्यांच्यापुढे कार्ड धरलं तेव्हा त्यांनी ते पुसून, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "जवाईबापू, या कार्डवर इमान भेटस?"

"भेटतं आक्का. फक्त व्यवस्थित राहावं लागतं."

अडचण अशी होती की जळगावात कार्ड घेणारी ठिकाणं मोजून चार. एक कापडाचं दुकान, एक चपलांचं, एक हॉटेल आणि हायवेवरचा एक पेट्रोल पंप. साडूभाऊंचं सगळं आयुष्य या चार ठिकाणांभोवती फिरू लागलं. एकदा मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसलो होतो आणि पेट्रोल संपलं, तेही नेमकं एका पंपासमोर. मी आनंदाने उतरलो. साडूभाऊ म्हणाले, "हा नाही. आपला पुढे आहे." आपला दोन किलोमीटर पुढे होता. वैशाखाचं ऊन. ते स्कूटर ढकलत होते, मी मागून ढकलत होतो, आणि वाटेत ते मला समजावत होते की एका टाकीला किती पॉइंट पडतात. पंपावरच्या माणसाने कार्ड त्या लोखंडी यंत्रात ठेवून कार्बनच्या पावतीवर 'खटॅक' केलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की माझ्या पायांचे फोड मीही विसरलो.

घरच्या खरेदीत पाच तिकिटं जमणार नव्हती, म्हणून त्यांनी नातेवाईक धरले. कुणाला काही घ्यायचं असेल तर पैसे साडूभाऊंकडे द्यायचे आणि कार्ड त्यांचं वापरायचं. माझ्या पुतण्याच्या लग्नाचा बस्ता तर त्यांनी अक्षरशः पळवून आणला. मुलीकडची मंडळी पहूरची, केळीवाले शेतकरी. त्यांचं कापडाचं दुकान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. साडूभाऊंनी स्टेशनवरूनच त्यांना गोड बोलून आपल्या दुकानात आणून बसवलं. शालू निवडून झाला आणि यांनी कार्ड काढलं. मुलीचा मामा मोठा खमक्या माणूस होता. तो उठून उभा राहिला.

"थांबा. पैसे आम्ही देणार, पावती यांच्या नावाची. मग शालू कुणाचा?"

साडूभाऊंनी त्याला गादीवर बसवून सगळी योजना सांगायला घेतली. त्यात दोन वेळा चहा झाला. मामाने शेवटी डोळे बारीक केले. "म्हणजे आमच्या शालूवर तुम्ही विमानात बसणार."

"मी नंतर. आधी आमच्या सासूबाई."

मामाने चहाचा कप खाली ठेवला. मग दुकानदाराकडे वळून म्हणाला, "सासूसाठी का? मग ती जांभळी पैठणीपण काढा. आणि विहिणीचं लुगडं जरा भारीतलं दाखवा."

या सगळ्याचा हिशेब एका निळ्या फाइलीत असे. प्रत्येक पावती तारखेवार चिकटवलेली. कार्बनची शाई उडते म्हणून शेजारी तिची झेरॉक्स. मागे तीन पाकिटं होती: 'आलेले', 'यायचे' आणि 'शंका'. बिलाची शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल गोलात, आणि चेक त्याच्या दहा दिवस आधी रवाना. आमच्या सगळ्या लग्नामुंजींत त्या फाइलीची चेष्टा होई. मीही केली. साडूभाऊ हसून घेत आणि चेष्टा करणाऱ्याकडे त्याच्या पुढच्या खरेदीची चौकशी करत.

अशी दोन वर्षं गेली, आणि सुमनचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते, पण प्रकृती नाजूक होती. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. बाळंतपणाला माहेरी येणं शक्य नव्हतं. सासरी बाईमाणूस कुणी नाही. आक्का पत्र ऐकून भिंतीला टेकून बसल्या. "पोर तठे एकली शे," एवढंच म्हणाल्या. मग जरा वेळाने, "माले जावानं शे."

साडूभाऊंनी फाइल उघडली. पाच तिकिटं लांब होती, पण आक्का आणि सोबतीला माझी मेहुणी, म्हणजे त्यांची पत्नी, एवढी दोन होत होती. त्यांनी बँकेला फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं की पॉइंट एका तिकिटापुरतेच आहेत. बस्त्याचे पॉइंट अजूनही जमा झाले नव्हते. साडूभाऊंचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आक्का एकट्या जाऊ शकत नव्हत्या, आणि रोख तिकीट काढणं आमच्यापैकी कुणाच्याही आवाक्यात नव्हतं. त्यांनी रजा टाकली, फाइल टॉवेलमध्ये गुंडाळली आणि मला म्हणाले, "मास्तर, चला मुंबईला."

बँकेच्या त्या कचेरीत एक तरुण मुलगी बसली होती. तिने सुरुवातीला यंत्रासारखं सांगितलं की नोंद नाही. साडूभाऊंनी तिच्यासमोर फाइल ठेवली. ती पानं उलटू लागली. बस्त्याच्या पावत्या, झेरॉक्स, दुकानाच्या बिलांच्या प्रती, आणि 'शंका' या पाकिटात, हे पॉइंट आले नाहीत म्हणून त्यांनी वेळोवेळी पाठवलेल्या पत्रांच्या नकला पोचपावत्यांसह. मुलगी उठली, आतून साहेबांना घेऊन आली. साहेबांनी उभ्याउभ्याच अर्धी फाइल वाचली आणि विचारलं, "तुम्ही ऑडिटमध्ये आहात का?"

"नाही, पाटबंधाऱ्यात," साडूभाऊ म्हणाले. "सासूबाईंना बाळंतपणाला पोचायचंय."

चुकून दुसऱ्याच्या खात्यावर गेलेले पॉइंट दुपारी तीनच्या आत परत आले. बाहेर फूटपाथवर आल्यावर साडूभाऊ एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ फाइलीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. मी त्या फाइलीची चेष्टा पुन्हा कधी केली नाही.

घरी साडूभाऊंच्या दोन मुली दोन वर्षांपासून विमानाची स्वप्नं बघत होत्या. त्यांना सांगायचं काम त्यांनी माझ्यावर ढकललं आणि स्वतः दाराआड उभे राहिले. मोठी म्हणाली, "आधी मावशी." धाकटीने विचारलं, "बाबा, पुन्हा जमतील ना?" दाराआडून आवाज आला, "जमतील." पण पुढच्याच वर्षी बँकेने ती योजना बंद केली.

सुमनला मुलगी झाली, दोघीही सुखरूप राहिल्या, आणि आक्का तिथे तीन महिने राहून नातीला न्हाऊमाखू घालून परत आल्या, हे मी आत्ताच सांगून टाकतो. कारण मला आठवते ती त्यांना पोचवायला गेलो ती सकाळ. मुंबईच्या विमानतळावर आक्का नऊवारीचा पदर खोचून, मेथीच्या लाडवांचा डबा छातीशी धरून मेहुणीच्या मागोमाग दरवाजातून आत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. त्यांना वाटत होतं, मागे पाहिलं तर विमान चुकेल. आम्ही दोघं बाहेर पडलो आणि विमानतळाच्या भिंतीला लागून असलेल्या रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. साडूभाऊंच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात सुटायची वेळ लिहिलेली चिठ्ठी. बरोबर त्या वेळेला भिंतीमागून एक विमान उठलं, आमच्या डोक्यावरून गडगडत गेलं. साडूभाऊंनी दोन्ही हात वर केले. घड्याळ, चिठ्ठी, सगळं हातात तसंच घेऊन ते विमान ठिपका होईपर्यंत हात हलवत राहिले. मीही हलवत होतो. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

संध्याकाळी दादरच्या एका एसटीडी बूथवरून सुमनकडे फोन लावला. थोरली मेहुणी म्हणाली, "पोचलो, आक्का खुशाल आहेत. विमान मात्र दोन तास उशिरा सुटलं, तोवर आम्ही आतच खुर्च्यांवर बसून होतो."

फोन ठेवून मी साडूभाऊंना हे सांगितलं. मला वाटलं, वेळापत्रक चुकल्यामुळे ते आता खट्टू होतील. त्यांनी सुटायच्या वेळेची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

"असू दे मास्तर," ते म्हणाले. "त्या विमानातही कुणीतरी पहिल्यांदाच बसलं असेल."