बॅटरीला लावलेलं गंध

आमच्या मोटरसायकलला किक नाही. घेताना दुकानदाराने ही सुधारणा म्हणून सांगितली होती. त्या सकाळी कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत अप्पांनी स्टार्टरचं बटण सतरा वेळा दाबलं, आणि सतरा वेळा सीटखालून ‘टक्’ एवढंच उत्तर आलं.

आठ वाजता स्वामीमलैला ओतकाम होतं. आई जाऊन आठ महिने झाले होते. देवघरासाठी भवानीची मूर्ती करायला दिली होती आणि तिच्या धातूत आईच्या दोन्ही कुड्या टाकायच्या, असं अप्पांनी ठरवलं होतं. मूस तापली की मूर्ती ओतणारा स्थपती कुणासाठी खोळंबत नाही. मी ऑटोचं नाव काढलं.

“ऑटो नको. ती माझ्या मागेंच बसून यायची,” अप्पा आमच्या इकडच्या जुन्या मराठीत म्हणाले.

कुड्या त्यांच्या शर्टाच्या खिशात होत्या. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. रडायला वेळ नव्हता, म्हणून रागावले.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. घरात याला काडीची किंमत नाही. हँडलवरचा लाल स्विच पाहिला, तो चालूच होता. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत होता, पण बटण दाबलं की मान टाकत होता. हॉर्नचा घसा बसला होता. म्हणजे बॅटरी तरी उतरलेली, नाहीतर तिच्या तारा तरी नीट टेकत नव्हत्या. समोरच्या घरातले मामा ओट्यावरून तमिळमध्ये म्हणाले, दृष्ट लागलीय, चाकाखाली लिंबू ठेवा. अप्पा लगेच लिंबू आणायला आत गेले. मी सीट काढली.

बॅटरीच्या दोन्ही टोकांवर, तारांच्या कड्यांखाली, वाळून दगड झालेलं गंध होतं. त्यात कुंकू. भोवती पांढरट थर चढलेला. मागच्या आयुधपूजेला अप्पांनी बॅटरी काढून पाटावर मांडली होती, शिलाई मशीन आणि विळीच्या रांगेत. आईने दोन्ही टोकांना गंध लावलं. पूजेचं गंध पुसायचं नाही, म्हणून अप्पांनी त्यावरच तारा आवळल्या. गाडी इतके महिने चालली, हेच नवल.

अप्पा लिंबू घेऊन आले तेव्हा माझ्या हातात पॉलिश पेपर होता.

“तें राहूं दे,” ते म्हणाले. “तिच्या बोटाचें आहे.”

“राहूं दिलं तर गाडी इथेंच राहणार, अप्पा.”

सात वीस झाले होते. त्यांनी लिंबू माझ्या हातात दिलं, पेपर घेतला आणि उकिडवं बसून दोन्ही टोकं लख्ख होईपर्यंत घासली. मी तारा आवळल्या. बटण दाबताच गाडी सुरू झाली. मामांनी माझ्या हातातल्या लिंबाकडे पाहून समाधानाने मान डोलावली.

आम्ही पोचलो तेव्हा मूस लालभडक झाली होती. स्थपतीने हाताने खूण केली. अप्पांनी एक कुडी टाकली. ती पाहता पाहता दिसेनाशी झाली. स्थपतीने पुन्हा खूण केली, तर अप्पा खिशावर हात ठेवून उभे.

“दुसरी?” मी विचारलं.

“ती असूं दे. परत जातांना मी एकटा कसा जाऊं?”

येताना त्यांच्या मागे मी बसून आले होते. जातानाही मीच बसणार होते. निघताना मी अप्पांच्या मागे थोडी जागा सोडून बसले.