आमच्या पत्त्यावर आलेला कान

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, बेलव्ह्यूला राहत होतो, तेव्हा मी साडेचार शनिवार समाजसेवा केली. साडेचार अशासाठी, की पाचव्या शनिवारी घाटात बर्फ पडलं आणि गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरली. एवढ्याशा भांडवलावर मी आजवर बऱ्याच लोकांना पिडलं आहे. आता मी “तेव्हा आम्ही बेलव्ह्यूला” एवढं म्हटलं, की घरातले उठून भांडी घासायला लागतात.

सुरुवात शेजारच्या बाईंमुळे झाली. साठीच्या आसपासच्या, एकट्या, आणि चर्चच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या. त्यांची मंडळी दर शनिवारी डोंगर ओलांडून सफरचंदांच्या बागांकडे जायची. तिथे तोडणीला आलेली मेक्सिकन कुटुंबं लाकडी खोल्यांतून राहत. त्यांना कोट, ब्लँकेटं, मुलांना वह्या द्यायच्या, आणि बरोबरचे डॉक्टर मुलांना तपासायचे. बाईंनी हे सगळं मला कुंपणापलीकडून सांगितलं असणार. मी निम्मं ऐकलं आणि सफरचंदं तोडायला चाललोय असं समजून “हो” म्हटलं. जाताना चार रिकाम्या पिशव्याही घेतल्या.

“समाजसेवेला पिशव्या?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“असू द्या हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बरोबर आमची सातवीतली मुलगी होती. ती शाळेत स्पॅनिश शिकत होती. गाडीत सगळ्यांनी मान खाली घालून प्रार्थना केली, तेव्हा ती कानाशी पुटपुटली, “आई, वी आर नॉट इव्हन ख्रिश्चन.” मी म्हटलं, “डोळे मीट.” मी स्वतः गणपतीला हात जोडले. तिथे पोचल्यावर एका नव्या स्वयंसेवक काकांनी रांगेतली समजून मलाच एक ब्लँकेट दिलं. मी घेतलं. कुणाला काय सांगत बसायचं? शिवाय गारठा होता.

दुसऱ्या शनिवारी ती बाई दिसली. माझ्याहून लहान, कडेला पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या एका कानात कापूस, आणि कापसाखालून पू आलेला. डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, हा कान लवकर बघायला हवा, नाहीतर पोरीचं ऐकणं जाईल. माझ्याकडे माणसं आणून खुर्चीवर बसवायचं काम होतं. मी गेले. बाई हसून म्हणाली, “नो, ग्रासियास.” नको, आभारी आहे.

आता, आमच्या घरात पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. चहासुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा. यजमानानं आग्रह सोडला तर पाहुणा आयुष्यभर लक्षात ठेवतो. तेव्हा मी दुसऱ्यांदा म्हटलं. ती पुन्हा नको म्हणाली. मला वाटलं, बरोबर चाललंय.

“आई, शी सेड नो.”

“अगं, तसं म्हणायचंच असतं.”

तिसऱ्यांदा मी तिचं मनगट धरलं, पंगतीत बसवतात तसं तिला खुर्चीवर बसवलं आणि शेजारच्या बाईंनी तिच्यापुढे फॉर्म सरकवला. नाव, पत्ता, कुठून आलात. तिचा चेहरा उतरला. ती उठली, पोरीला घट्ट उचललं आणि निघून गेली.

तिसऱ्या शनिवारी तिच्या खोलीचं दार बंद होतं. धुराड्यातून धूर येत होता, पडदा हलला, पण दार उघडलं नाही. परतताना शेजारच्या बाई गाडीत म्हणाल्या, “काही जणांना कागदाची भीती वाटते. पत्ता लिहिला, की कुणीतरी पकडून देशाबाहेर न्यायला येईल असं वाटतं. तुम्हाला माहीत नव्हतं, मला आधी सांगायला हवं होतं.” त्या इतक्या समजुतीनं बोलल्या, की मला गाडीच्या सीटखाली जावंसं वाटलं.

चौथ्या शनिवारी मी कागद न घेता गेले. डब्यात शिरा होता. या वेळी दार उघडलं. पोरगी पलंगावर कान उशीत दाबून पडली होती. बाईनं डबा घेतला आणि माझ्यापुढे बशी केली. गरम पोळीसारखं काहीतरी, आत घेवड्याची उसळ म्हणावी तसं. पण चर्चच्या मंडळींचा नियम होता, कुटुंबांकडून काही घ्यायचं नाही. म्हणून मी म्हटलं, “नो, ग्रासियास.”

तिनं मान डोलावली आणि बशी उचलून झाकून ठेवली. संपलं. मी पहाटे पाचला अर्धा कप चहा घेऊन निघाले होते. त्या झाकलेल्या बशीकडे मी बघत राहिले.

“यू सेड नो, आई,” मुलगी म्हणाली.

“मला माहीत आहे मी काय म्हटलं ते.”

शेवटी मीच बशीकडे बोट दाखवलं. ती तोंडावर हात धरून हसली. मी दोन खाल्ल्या. मी खात असताना आमच्या मुलीनं तिच्या शाळेतल्या स्पॅनिशमध्ये काहीबाही सांगितलं: डॉक्टर, कान, पत्ता नको. बाईनं तिच्याकडे, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिनं पोरीला शाल गुंडाळली आणि आमच्याबरोबर डॉक्टरांकडे निघाली. माझ्या खाण्यामुळे की मुलीच्या बोलण्यामुळे, की पोर रात्रभर रडली होती म्हणून, मला आजही सांगता यायचं नाही.

फॉर्म मात्र लागतच होता, त्याशिवाय डॉक्टरांना औषध देता येईना. पत्त्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. मी आमच्या घराचा पत्ता सांगितला.

शेजारच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांचं घर आमच्या घराला लागून. “ही मुलगी तुमच्याकडे राहते?”

“हो.”

“कधीपासून?”

“आत्तापासून.”

त्यांनी लिहून घेतलं. डॉक्टरांनी कान साफ केला, औषध दिलं, पुन्हा दाखवायला सांगितलं. पुढच्या शनिवारी आम्ही घाटातून परत फिरलो. रस्ता मोकळा झाल्यावर शेजारच्या बाई जाऊन आल्या, तर खोल्या रिकाम्या होत्या. तोडणी संपली, की ती माणसं पुढच्या पिकाकडे जातात.

वसंतात त्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं कार्ड आलं: आपल्या मुलीचा कान तपासायची वेळ झाली आहे. आमची मुलगी ते घेऊन आली. “व्हॉट्स राँग विथ माय इअर्स?” पुढच्या वर्षीही कार्ड आलं, त्याच्या पुढच्याही. ते फेकवत नव्हतं, आणि पुढे पाठवायला पत्ता नव्हता.

एकदा मी कार्ड बंद करायला सांगावं म्हणून दवाखान्याला फोन केला. पलीकडच्या बाईनं नाव शोधलं आणि आपुलकीनं विचारलं, “आता नीट ऐकू येतं ना तिला?”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, “कार्ड पाठवत राहा.”